मऊ पावाचे डबे

“डबे ऐंशीच आहेत,” योने-सान म्हणाली.

“आणि माणसं?” आळीच्या समितीचे अध्यक्ष हिरोसे यांनी विचारलं.

“शंभराच्या वर. पोरंबाळं धरून.”

“मग नाही वाटता येणार.”

योने-सान आळीच्या संकटकाळच्या कोठीच्या दारात उभी होती. पहाटे नदी बांधावरून आत आली आणि अख्खी आळी अंगावरच्या कपड्यांनिशी टेकडीवरच्या या शाळेत पळून आली. आता दुपार टळत आली होती. पूल पाण्याखाली होता, मदतीची गाडी उद्याशिवाय येणार नव्हती. शाळेच्या हॉलमध्ये माणसं पुठ्ठे अंथरून बसली होती. प्यायला पाणी होतं. खायला म्हणाल तर योने-सानच्या पाठीमागचे पावाचे डबे, एवढंच.

“नाही म्हणजे?” तिने विचारलं. “मग ठेवलेत कशाला?”

“एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही, तर त्याला वाटप म्हणत नाहीत.”

“अर्धा अर्धा करू.”

“कोणाच्या हातानं? उद्या कुणाचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण?”

“मी.”

“तुम्ही कशा? जबाबदार समिती.”

“बरं, निदान पोरांना आणि म्हाताऱ्यांना तरी द्या.”

“म्हातारा कुठून मोजायचा? मी सत्तरचा. मी म्हातारा का?”

“दिसता तरी तसेच.”

हिरोसे हसले नाहीत. “कडक बिस्किटं असती तर सगळ्यांना पुरली असती,” ते हळूच म्हणाले. “पाव तुम्हालाच हवा होता.”

ते खरं होतं. मासळीवड्यांच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर योने-सानने ही कोठी हाती घेतली, तेव्हा फळ्यांवर कडक बिस्किटंच असायची. आपत्तीच्या एका सरावाच्या दिवशी कामेझो-सानने त्यातलं एक तोंडात घातलं, काढलं आणि म्हणाला, “यावर मी रंध्याला धार लावेन.” कामेझो-सान तिचा शेजारी, जुना सुतार. कोठीतल्या फळ्याही त्यानेच ठोकलेल्या. सगळे हसले, पण योने-सानच्या डोक्यातून ते गेलं नाही. आळीत निम्मी माणसं कवळीवाली. दरवर्षी ती समितीच्या मागे लागली आणि शेवटी हवाबंद डब्यातला, वर्षानुवर्षं टिकणारा मऊ पाव आला. महाग, म्हणून कमी आला. तेव्हापासून प्रत्येक डबा तिच्या हाताखालून जाई. फुगलेला नाही ना, चेपलेला नाही ना, ते ती बघे. नवे मागे, जुने पुढे. मुदत संपत आलेले डबे शरद ऋतूतल्या सरावाला घरटी एकेक वाटायचे आणि त्या जागी नवे लावायचे. हे सगळं या एका दिवसासाठीच होतं, आणि आज दिवस आला तर ही अडचण.

हिरोसे हॉलच्या मध्यभागी गेले. “कुणाला अगदीच सहन होत नसेल तर सांगा,” ते म्हणाले.

“नाही, नाही, आम्ही ठीक आहोत.”

“आधी बाकीच्यांचं बघा.”

एकही हात वर झाला नाही. एक लहान मुलगी कोठीकडे बोट दाखवू लागली, तशी आईने तिचा हात खाली दाबला. योने-सानला वाटलं, सगळ्यांना दंडाला धरून गदागदा हलवावं.

कामेझो-सान भिंतीला टेकून बसला होता. कवळी घरीच पेल्यात राहिली होती आणि पेला आता नदीत. सकाळी तो म्हणत होता, “मासे माझे दात लावून हसत असतील.” आता तासभर तो काहीच बोलला नव्हता. कपाळावर घाम होता. काल रात्रीपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. हा माणूस गप्प बसला, याचीच तिला भीती वाटली.

ती आत गेली आणि पुढच्या रांगेतला एक डबा घेऊन त्याच्याजवळ बसली.

“खा.”

“घेऊन जा तो.”

“मऊ आहे. दात लागत नाहीत.”

“सगळ्यांदेखत मी एकटा खाऊ? नव्वदीला आलो तो हे करायला?”

“मराल अशानं.”

“मग एक डबा वाचेल तुझा.”

योने-सानने कडीत बोट घालून झाकण ओढलं. तो आवाज हॉलभर गेला. लोण्याचा आणि मनुकांचा वास सुटला, माणसं वळून बघू लागली. तिने कागदासकट पाव वर काढला आणि मोठा घास घेतला. तो तिने चावून चावून गिळला.

“योने-सान!” हिरोसेंचा आवाज चिरकला.

“भूक लागली मला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. “राहवलं नाही.”

मग उरलेला पाव तिने कामेझो-सानच्या हातात कोंबला. “घ्या,” ती पुटपुटली. “माझं उष्टं आहे. याला वाटप म्हणत नाहीत. जायची ती माझी लाज गेली, तुमची जागेवर आहे.”

त्याने भिंतीकडे तोंड करून पाव खाल्ला, कागदाला चिकटलेल्या चुऱ्यासकट.

दुसरं कुणी पुढे आलं नाही. हिरोसेंनी कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडी आली, सगळ्यांना सारखे भाताचे गोळे मिळाले. बाकीचे पावाचे डबे होते तसेच राहिले.

पूर ओसरल्यावर हिरोसे तिच्या घरी आले. “इतकी वर्षं फार कष्ट घेतलेत तुम्ही,” ते वाकून म्हणाले. “आता आराम करा.” तिनेही वाकून आभार मानले. आळीतल्या बायका तिच्याशी पूर्वीसारख्याच गोड बोलत, फक्त ती जवळ आली की विषय बदलत.

“मी सांगतो एकेकीला काय झालं ते,” कामेझो-सान म्हणाला.

“काही नको. त्यात तुमचं नाव कशाला?”

पुढच्या सरावाला योने-सान रांगेत उभी राहिली. कोठीचं दार उघडं होतं. नव्या माणसाने नवे डबे पुढे लावले होते, जुने मागे ढकलले होते. तिला मिळालेल्या डब्यावरची मुदत अजून चार वर्षांची होती. मागचे पुढे घ्या हो, असं तिच्या ओठांवर आलं. तिने मान लववली आणि डबा घेऊन घरी आली.

ऊन कलायच्या आत कामेझो-सान काठी टेकत तिच्या पायरीशी आला. नवी कवळी टोचते म्हणून खिशात होती. त्याने आपला डबा तिच्यासमोर ठेवला.

“उघड. माझ्या बोटांत जोर नाही.”

तिने कडी ओढली, पाव वर काढला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने हात मांडीवरच ठेवले.

“आधी तू खा,” तो म्हणाला.

तिने एक घास घेतला. उरलेला पाव त्याने दोन्ही हातांनी घेतला.