टाकीवरची बगळी

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर त्याने प्रकृती दाखवून घ्यावी. पण रंगारीबुवांच्या कारखान्यामागचा ओढा वाराप्रमाणे रंग बदलायचा. सोमवारी पिवळा, मंगळवारी लाल, बुधवारी जांभळा. खालच्या वस्तीने भिंतीला कॅलेंडर लावणंच सोडलं होतं. एकदा रंगारीबुवांनी घाईत मंगळवारीच जांभळं कापड काढलं, तर निम्मी वस्ती एक दिवस आधी बाजाराला जाऊन हात हलवत परत आली.

आज बुधवार. तपासणीला आलेल्या मॅडमच्या हातात जांभळ्या पाण्याची बाटली होती आणि पर्समध्ये दाराला ठोकायचं सील. रंगारीबुवा लगबगीने पुढे झाले. तीस वर्षं उकळत्या कढईपुढे काढलेल्या माणसाने आता दुसरं काय करायचं?

"मॅडम, आमचं पाणी टाकीत तीन दिवस निवळतं," ते म्हणाले. "इतकं नितळ होतं, की गेल्या महिन्यात मला त्यात माझं टक्कल दिसलं. कुणी वडीलधारं असेल म्हणून मी नमस्कार केला."

"मग ओढा जांभळा कसा?"

"मासे, मॅडम. उड्या मारत टाकीत येतात, तळाचा गाळ खातात आणि ओढ्यात परत जातात. पुढचं तुमच्यासमोर काय बोलू? पोट त्यांचं बिघडतं, नाव आमचं."

मॅडमनी 'मासे' असं लिहून घेतलं. रंगारीबुवांच्या जिवात जीव आला.

"टाकी दाखवा." मॅडमनी पर्समधून सील बाहेर काढलं.

"दाखवली असती हो. पण काठावर बगळीने अंडी घातलीत. पाच. माणसाची चाहूल लागली की उठेल बिचारी. पक्ष्यांना त्रास द्यायचा नाही, हा तुमच्याच खात्याचा नियम ना? पंधरा दिवस झाले, आम्ही तिकडे तोंड करून खोकलोसुद्धा नाही."

मॅडमचं पेन थांबलं. नियम होता खरा. बाहेर काढलेलं सील त्या परत पर्समध्ये ठेवू लागल्या.

इथे गप्प बसतील तर ते रंगारीबुवा कसले!

"आमची ही तर तिला रोज स्वतःच्या हाताने भरवते. विचारा हवं तर."

मागच्या खिडकीतून बायकोचं डोकं बाहेर आलं.

"कोण, मी? कसली बगळी न् कसली अंडी! अहो, चार वर्षं त्या टाकीत माझं सरपण आहे. पाण्याचा एक थेंब तरी गेलाय का तिच्यात?"