ड्रिलची चावी
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जालन्याच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मल्हारी मिस्त्री सकाळपासून खवळला होता. ड्रिलमध्ये बर्मा आवळायची चावी गायब! "चोर भरलेत इथं!" म्हणत त्यानं साऱ्यांना फैलावर घेतलं. शेवटी बैलगाडीच्या चाकाची जुनी खीळ कानशीनं घासून चौकोनी केली, ड्रिलच्या चावीच्या भोकात घातली आणि पकडीनं पिळली. बर्मा गच्च बसला. मल्हारीचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी तो देवापुढं गेला, तर झेंडूच्या फुलांखाली हळदीकुंकू लावलेली चावी! खंडेनवमीच्या पूजेला त्यानंच आणली होती.

"सापडली एकदाची!" त्यानं हुश्श केलं.

"हरवली कधी?" बायको गोपिकाबाई म्हणाली. "तुम्हीच बजावून गेल्ते, कुणाला हात लावू देऊ नको म्हणून."

मल्हारीनं चावीला हात जोडले. उद्या कारखान्यात कुणाकुणाला जोडायचे, ते आठवू लागला.