दुसऱ्या रांगेतला आवाज

लग्नाला सहा महिने होत आले तरी दोघांचं एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि चष्मेवालीला त्याची काळजी वाटायला लागली होती.

तिचं चष्म्यांचं दुकान होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत ती स्वतः लोकांचे डोळे तपासायची. तो तरणतलावावर पोहायला शिकवायचा. त्याला सगळे कोच म्हणायचे, तीसुद्धा. दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. त्याची पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हिने लग्नच केलं नव्हतं. उशिरा जमलेला संसार म्हणून दोघंही तो काचेच्या भांड्यासारखा जपून हाताळत होती. सकाळी न्हाणीघराच्या दाराशी "तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही आधी" असं चालायचं आणि दोघांनाही कामावर उशीर व्हायचा. झोपायच्या खोलीची खिडकी उघडी हवी की बंद, हे कोणीच कोणाला विचारलं नव्हतं. ती बिचारी अर्धवट लोटलेली असायची. धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, "काय ताई, कसं चाललंय?" तर ही म्हणाली, "छान. हॉटेलात राहिल्यासारखं वाटतं."

अशात कोचचा सीडी प्लेअर बिघडला.

दिवसभर तलावाच्या छताखाली शिट्ट्या आणि पोरांच्या किंकाळ्या ऐकल्यावर घरी येऊन गाणं ऐकणं हे त्याचं औषध होतं. अॅम्प्लिफायर जुना पण दणकट, स्पीकर कमरेएवढे उंच. प्लेअरने मात्र एके दिवशी सीडी गिळली ती परत द्यायचं नावच घेईना. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले.

"माझ्याकडे कॉम्प्युटरवर आमच्या गायनवृंदाची सगळी रेकॉर्डिंग आहेत," ती म्हणाली. "तुमच्या स्पीकरवर लागतील का हो?"

ती तरुणपणापासून त्या वृंदात गात होती. दर आठवड्याला तालमीला जायची, पण घरात कधी गुणगुणायचीही नाही. नवऱ्याला त्रास नको, म्हणून. त्यामुळे आपल्या बायकोचा गाता आवाज कोचने ऐकलेलाच नव्हता.

"लागतील की," तो म्हणाला. "फक्त मध्ये एक-दोन यंत्रं लागतील."

पुढचे काही आठवडे त्याने इंटरनेट पिंजून काढलं आणि एका रविवारी तिला समजावून सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे. ते आकडे घरातल्या कॉम्प्युटरवरून किंवा इंटरनेटवरून उचलून आणतो तो स्ट्रीमर. पण अॅम्प्लिफायरला आकड्यांतलं ओ की ठो कळत नाही. आकड्यांचा पुन्हा सूर करून देतो तो डॅक.

"म्हणजे एक हमाल आणि एक दुभाषा," ती म्हणाली.

कोचला हे फारच आवडलं. "बरोब्बर! आता प्रश्न असा, की हमाली आणि दुभाषेगिरी एकाच डब्याकडे द्यायची, की दोन वेगळे डबे घ्यायचे?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते."

"नाही, तुम्ही म्हणाल तसं."

घोडं तिथेच अडलं.

शेवटी दोघं असली यंत्रं विकणाऱ्या दुकानात गेली. दुकान एका छपाईच्या कारखान्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. ऐकायच्या खोलीत जाड गालिचा, भिंतींना पडदे, समोर दोन स्पीकर आणि बसायला एक लांब कोच. ("तुमच्याच नावाचा," ती हळूच म्हणाली.) दुकानदार चणीने लहान, बोलण्यात मोजका. त्याने कोचच्या अॅम्प्लिफायरच्या जातीचाच एक अॅम्प्लिफायर जोडला, एका बाजूला हमाल-दुभाषा एकत्र असलेला डबा ठेवला, दुसऱ्या बाजूला दोन वेगळे डबे. दोन्हींचा आवाज त्याने यंत्राने मोजून एका पातळीवर आणला. "मोठा वाजतो तो चांगला वाटतो माणसाला," तो म्हणाला. "तेवढी फसवणूक आधी काढून टाकू."

एक गाणं याच्यावर, तेच त्याच्यावर. पुन्हा याच्यावर.

"कसं वाटलं?" कोचने विचारलं.

"दोन्ही छान आहेत. तुम्हाला?"

"मलाही दोन्ही छानच."

दुकानदाराने छताकडे पाहिलं.

चष्मेवालीला हा संवाद ओळखीचा वाटला. असली माणसं तिच्या खुर्चीत रोज बसायची. भिंग बदलून "आता बरं दिसतं की आधी बरं होतं?" असं विचारलं, की तपासणाऱ्याला काय आवडेल याचा अंदाज घेऊन उत्तर द्यायची. अशांसाठी तिची एक युक्ती होती. ती उठून दुकानदाराच्या कानाशी काहीतरी बोलली आणि परत येऊन बसली.

"डोळे मिटा," तिने कोचला सांगितलं. गाणं लागलं, थांबलं, पुन्हा लागलं. "आता बरं, की आधी बरं होतं?"

कोचने तिच्या आवाजाचा कानोसा घेतला. "आताचं. जास्त मोकळं वाटतंय. भिंत मागे सरकल्यासारखी."

"दोन्ही वेळा तोच डबा होता," दुकानदार म्हणाला.

कोच कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. ती मात्र खदखदून हसली. "अहो, यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडे शिकलेसवरलेले लोक रोज हेच करतात. पण मला बरं वाटावं म्हणून बोलू नका. तुम्हाला काय ऐकू येतं तेवढंच सांगा." मग तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "यावर आमचा वृंद आहे. मी दुसऱ्या रांगेत उभी आहे. शोधा मला."

आधी हमाल-दुभाषा एकत्र असलेला डबा सुरू झाला. खोलीत पावलांचा आवाज आला, कोणी तरी घसा खाकरला आणि तीस-चाळीस गळे एकदम उठले. कोच पुढे झुकून ऐकत राहिला. चेहरा उजळला.

"सापडलात! डावीकडे. काय भरदार आवाज आहे हो तुमचा! सगळ्यांच्या वर!"

चष्मेवालीने दुकानदाराला खूण केली. दुकानदाराने गाणं थांबवलं.

"ती आमची खजिनदारीण आहे," ती म्हणाली. आवाज चढायला लागला. "ती सगळ्यांच्या वर गाते, कारण तिला बाकीचे ऐकूच येत नाहीत! वीस वर्षं झाली, तालाच्या पुढे पळते ती बाई! अरे, कान आहेत की भोकं? सहा महिने माझ्याबरोबर राहतोस आणि तुला त्या बाईचा आवाज माझा वाटतो?"

अहोचं अरे झालेलं तिच्या लक्षातही आलं नाही. कोचच्या आलं. क्षणभर तो पाहतच राहिला. पण तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडण्यात त्याचा जन्म गेला होता. त्या गळ्याला एकदा वाट मिळाली की आवरणं कठीण.

"मग मला कसं कळणार? घरात कधी तोंड उघडतेस का? मूग गिळून बसतेस! आणि खिडकी! एक तर उघडी ठेव, नाही तर बंद कर! रोज रात्री ती थडथड वाजते!"

"मला वाटलं तुला वारा सोसत नाही!"

"मला वारा हवाच असतो! आणि चहात इतकं दूध का घालतेस? रोज कसाबसा संपवतो मी!"

"तुला आवडतो म्हणून! मला तरी कुठे आवडतो तो पांचट चहा! आणि तुझा तो ओला टॉवेल! माझ्या खुर्चीवर!"

"ती तुझी खुर्ची आहे हे तू कधी सांगितलंस?"

"आता सांगतेय!"

दोघं धापा टाकत थांबली. खालून छापखान्याची धडधड ऐकू येत होती. दुकानदार भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. "आता मला गिऱ्हाईक मिळालं," तो म्हणाला. "लावू पुढचं?"

तेच गाणं दोन वेगळ्या डब्यांच्या जोडीवर लागलं. कोच या वेळी पुढे झुकला नाही. मागे टेकून, डोळे मिटून बसला. कडवं संपलं. त्याने हात वर केला.

"ही ओळ परत लावा."

ओळ परत लागली.

"खजिनदारणीच्या मागे, जरा उजवीकडे एकजण आहे," तो सावकाश म्हणाला. "खालचा आवाज. बाकीच्या बायका ओळ संपल्यावर श्वास घेतात. ही शब्दाच्या मध्येच घेते, अर्धाच, चोरून. मग शेवटी पुरत नाही म्हणून टोकाला अलगद सोडून देते. जिना चढताना तू असाच घेतेस." त्याने डोळे उघडले. "आयुष्यभर लोकांचे श्वास बघितलेत मी. ही तू आहेस."

तिने फक्त मान हलवली, आणि आधी हलवली की नाही याची खात्री नसल्यासारखी पुन्हा हलवली. वृंद बसवणाऱ्या बाईंनी तिला त्या चोरट्या श्वासावरून वर्षानुवर्षं बोलणी घातली होती. त्याच्यावरून कोणाला एवढा आनंद झालेला ती पहिल्यांदाच पाहत होती.

"मग ही जोडी चांगली तर," दुकानदार म्हणाला.

"थांबा. पहिला डबा पुन्हा लावा," कोच म्हणाला.

पहिल्या डब्यावरही ती सापडली. शोधायचं कुठे ते कळल्यावर अगदी सहज सापडली. त्याने ते कबूल केलं. "फरक आहे, पण मी समजत होतो तेवढा नाही. दोन डब्यांवर माणसं जरा सुटी सुटी उभी राहतात. एवढंच म्हणेन."

"मला एकच डबा आवडला," ती म्हणाली. "त्याला पडदा आहे, गाण्याचं नाव दिसतं. एकच प्लग. आणि त्याच्यावर आम्ही सगळी मिळून गातो. तुझ्या दोन डब्यांवर नुसती हजेरी घेतल्यासारखं वाटतं."

"हजेरी नाही, त्याला स्पष्टपणा म्हणतात!"

"स्पष्टपणा माझ्या दुकानात विकत मिळतो. गाण्यात नको मला."

यावर दोघं बराच वेळ भांडली. पण हे भांडण निराळंच होतं. मध्येच एकमेकांच्या मुद्द्याला हसत होती, चालीवर ताल धरत होती, आणि दुकानदाराला गाणी बदलायला लावून त्याला घाम फोडत होती. अखेर त्यानेच तोडगा काढला: दोन्ही घरी न्या, आठवडाभर ऐका, नको ते परत आणा.

घरी पहिल्या संध्याकाळीच निकाल लागला, पण आवाजावरून नव्हे. कोचची ऐकायची एक आरामखुर्ची होती, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध, जमिनीवर खुणा करून ठेवलेली. चष्मेवालीने ती पाहिली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "डबे तुझ्या पसंतीचे घे. पण ही खुर्ची इथून हलणार. इथे दोघांना बसता आलं पाहिजे."

"पण मधोमध एकच जण बसू शकतो! बाजूला सरकलं की एक स्पीकर जवळ येतो."

"मग सरकू दे."

त्याने खुर्चीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तिच्या शेजारी दुसरी जागा करावी असं त्याला कधी सुचलंच नव्हतं. मग त्याने बाह्या सरसावल्या, आणि दोघांनी मिळून बैठकीतला जड सोफा ढकलत, दाराच्या चौकटीत अडकवत, एकमेकांवर ओरडत तिथे आणला.

सोफ्यावर दोघं बसली, कोणीच मधोमध नव्हतं. तिने पहिलं रेकॉर्डिंग लावलं.

"हा खोकणारा कोण?" कोचने विचारलं.

"तो आमचा तबलजी. त्या दिवशी तापाने फणफणला होता, तरी आला."

"आणि ही मध्येच हसली ती?"

"थांब, त्याची एक गंमत आहे," ती म्हणाली, आणि गंमत सांगण्यासाठी तिने गाणं मागे नेलं. मग पुढचं लावलं, मग त्याच्या पुढचं. अंधार पडला तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही. एका कडव्याशी ती नकळत वृंदाबरोबर गायला लागली, मोठ्याने, मोकळ्या गळ्याने, आणि कोचने हात लांबवून स्पीकरचा आवाज कमी केला.