आसावरीने धरलेला सूर

ऐक ना यार, मध्ये बोलू नकोस. अमेरिकेतल्या नोव्हायची आसावरी आहे ना, ती तिथल्या ग्रीक चर्चमध्ये बायझंटाइन गायन, म्हणजे त्यांची जुनी स्तोत्रं गायला शिकते. तिथे वाद्य नसतं. एकजण चाल गातो आणि बाकीचे खाली एकच सूर धरून ठेवतात, तानपुऱ्यासारखा. तिला वाटलं, हे तर आपल्याला झोपेतही जमेल. पण चाल दुसरीकडे वळली की तो खालचा सूरही बदलावा लागतो, आणि लहानपणापासून सा घोटलेली ही बाई जागची हलेचना. शिकवणारे स्टॅव्रोस काका वैतागले.

"मी हात खाली केला की तू खाली यायचं. रविवारी पुन्हा अडकलीस, तर समोर लोकांत बसून ऐक."

मग काय, ऑफिसला ड्राइव्ह करताना रोज प्रॅक्टिस. रविवारी प्रत्येक इशाऱ्याला ती बरोबर हलली. शेवटच्या स्तोत्रात मात्र सर्दी झालेल्या काकांचा आवाज घसरायला लागला आणि त्यांच्यामागोमाग सगळेच घसरले. आसावरीने पाहिलं, काकांचा हात जागचा हलला नव्हता. तिने आपला सूर सोडला नाही. इतकं बेसूर वाटलं, की पुढचे लोक वळून बघायला लागले. तरी ती हलली नाही. काकांनी कान दिला, तिचा सूर पकडला आणि वर आले. पाठोपाठ सगळे आले, आणि अख्खं चर्च घुमलं.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "पुढच्या रविवारी माझ्या शेजारी उभी राहा."

आता सांग, सगळे खाली जात असताना तू काय केलं असतंस?