दुधासाठी धुतलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. काकडीच्या मांडवात छाटणी करण्यात माझी अकरा वर्षं गेली. माझी धार अशी, की कापलेल्या देठालाही ते उशिरा कळावं. आमचे दादा आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवायचे. धार लावायचे, तेल द्यायचे. धुवायचे मात्र कधीच नाहीत. लोखंडाला पाणी कशाला, हे त्यांचं शास्त्र.

यंदा पहिल्या ओळीतल्या एका वेलीच्या खोडातून तपकिरी डिंक पाझरू लागला, पानांच्या कडा करपल्या. हा डिंक्या, बुरशीचा रोग. दादा मला घेऊन निघाले. आधी ती वेल छाटली, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. मीही ऐटीत कचाकच चालले.

आठवड्याभरात वेली माना टाकू लागल्या. शेवटच्या दोन ओळी बियाण्यासाठी राखलेल्या. दादांच्या आईने जपलेलं ते वाण, तिच्या माघारी तेवढंच उरलेलं. त्या ओळी गेल्या की वाण संपलं. दादांनी हवेला, बियाणेवाल्याला, शेजाऱ्याला, सगळ्यांना बोल लावला; मी तेवढी सुटले.

त्यांची धाकटी बहीण मात्र गुपचूप वेली मोजत फिरली.

"दादा, सातव्या ओळीच्या मध्यापर्यंत रोग आहे. पुढे एकही वेल आजारी नाही. तिथे तू काय केलंस?"

"काय करणार? तू हाक मारलीस, चहाला आलो. मग परत येऊन उरलेलं छाटलं."

"आणि कात्री?"

"तीही आणली होती. दुधाची पिशवी कापायला तूच मागितलीस ना!"

"मागितली, पण आधी साबण लावून कढत पाण्याने घासली. दूध होतं बाबा ते!"

आरोपीकडे बघावं तसं दादांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे घरोघरी रोग मीच वाटत फिरलो?"

"तू आणि तुझी ही लाडकी."

त्याच दिवशी आजारी वेली उपटून मांडवापासून लांब पुरल्या. तेव्हापासून दादांच्या कमरेला स्पिरिटची बाटली असते. एक वेल झाली की मला एक बुडी. फार झोंबतं, पण तक्रार करायला तोंड कुठे आहे? आईच्या वाणाचं बी यंदाही डबीत पडलं.

मित्रांनो, माझी धार गेली तर लगेच कळतं. माझा मळ आठवड्याने कळतो, तोही दुसऱ्याच्या अंगावर. तेव्हा मला धुवत जा. दुधाची पिशवी कापायची नसली, तरीही.