तोंड दिसल्याबिगर

गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की मथुराबाईच्या परड्यात चाळीतल्या पोरी जमत. भांडी तशीच टाकून ती हात धुई, कडुनिंबाखाली बसे आणि तळहात उचलून ‘सा’ लावी. हात वर गेला की पोरींचा सूर वर, खाली आला की खाली. ‘धोटा गेला, धोटा आला’ हे मागाच्या ठेक्यावरचं गाणं तिनंच जुळवलं होतं. फुला नावाची विणकराची पोर सगळ्यांत उशिरा सुरात येई. तिच्यासाठी मथुरा हात तसाच धरून ठेवी. ती आली की मगच पुढं.

मथुरा बाळपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. धाकटा भाऊ आबासाहेब बी.ए. होऊन पुण्याला शिक्षणशास्त्र शिकत होता. सुटीत घरी आला की परड्याच्या उंबऱ्यावर बसून तो हे बघे, लिहून घेई. त्यातूनच त्याचा निबंध उभा राहिला होता. लहान मूल नुसत्या कानानं गाणं शिकत नाही, शिकवणाऱ्याचं तोंड आणि हात त्याला दिसले पाहिजेत, हा त्याचा सिद्धान्त.

सन १९३४च्या दिवाळीच्या सुटीत त्याच्यासारख्या चार-पाच पदवीधरांनी सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षणावरचे निबंध वाचायचं आधीच ठरवलं होतं. त्या शाळेला गायन शिकवायला बाईही हवी होती. “अक्का, निबंध झाला की तुझंच नाव सांगतो,” आबा उन्हाळ्याच्या सुटीतच म्हणाला होता. त्या एका वाक्यावर मथुरेनं अख्खा पावसाळा काढला.

सभेच्या दिवशी तिनं धुवट लुगडं नेसलं, पोरींच्या वेण्या घातल्या. गोजरबाई, तिची आई, दारात आडवी आली.

“सरस्वतीची पूजा हाय तितं. सवाशिणी येनार. तू म्होरं जाऊ नगंस, सांगून ठिवते.”

मथुरेनं भावाकडं पाहिलं. आबानं कागद चाळायला घेतले.

“आई म्हणती ते बी खरं हाय, अक्का. तू बांबूच्या चिकेच्या पडद्याआत बस की. आतनं सूर दे, पोरी गातील. काम झालं म्हंजे झालं.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं असतं तर याच आबानं त्यावर घणाघाती व्याख्यान दिलं असतं. शाळेतली जागा मिळायची तर आज गप्पच बसलेलं बरं, असं मथुरेला वाटलं.

सभा भरली. शाळेचे चालक आणि सभेचे अध्यक्ष रावसाहेब मधल्या खुर्चीत बसले. तिप्पण्णा नावाच्या तरुणानं भजनी मंडळांतल्या तालावरचा निबंध वाचला, टाळ्या झाल्या. मग आबा उठला. त्यानं सिद्धान्त मांडला, “आम्ही शिकवलेल्या मुली” असं म्हणून पोरींना ओळीत उभं केलं आणि चिकेकडं बघून खूण केली.

चिकेआडून ‘सा’ आला, स्वच्छ आणि भरघोस. पोरी एकमेकींकडं बघू लागल्या. एकीनं सुरुवात केली नि थांबली. फुलानं तर तोंडच उघडलं नाही.

कोपऱ्यातून हसू आलं. आबा लगबगीनं चिकेपाशी गेला. “अक्का, जरा मोठ्यानं!”

“मोठ्यानं दिऊन काय व्हनार? तोंड दिसल्याबिगर पोर गात न्हाय, तूच लिव्हलंस की. मग माजंच तोंड का झाकतोस?”

“आज नगं. पावणे हायत. शाळेतल्या जागेचं मागनं बगू.”

“मग म्या बी आज गात न्हाय,” मथुरा म्हणाली. शेजारी बसलेल्या गोजरबाईनं तिचं मनगट धरलं. ते सोडवून घेऊन ती मागच्या दारानं अंगणात निघून गेली.

आबा परत जागेवर आला. “मुली जरा लाजल्या,” तो म्हणाला.

“आमी न्हाय लाजलो,” फुला म्हणाली. “अक्का दिसत न्हाय.” आणि ती पळाली. तिच्यामागं बाकीच्याही.

आबा पुढं वाचू लागला. ‘शिकवणाऱ्याचं तोंड आणि हात’ या ओळीपाशी आल्यावर त्यानं रिकाम्या चिकेकडं पाहिलं. इतक्यात अंगणातून ‘धोटा गेला, धोटा आला’ उठलं. सगळ्या पोरी एका सुरात होत्या. लोकांनी खिडक्या उघडल्या.

“वा!” रावसाहेब म्हणाले. “कोण हो ह्या बाई?”

“माझी थोरली बहीण,” आबा म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “मुलींना तिनंच शिकवलंय. मी नाही. शाळेला बाई हवी आहे, तर तिलाच घ्या.”

रावसाहेबांनी खिडकीतून तिचं कोरं कपाळ पाहिलं, मग बायकांच्या बाजूला बघितलं. पदर सावरले गेले, कुजबूज झाली. रावसाहेब म्हणाले, “विधवा बाई... लहान मुलींपुढं रोज... पालक काय म्हणतील? पण आवाज गोड आहे. असं करा, त्यांना बाहेरच, खिडकीपाशी बसवा. इथूनच ऐकू.”

आबाला आपलेच शब्द ऐकू आले. सकाळी आपण काय वेगळं बोललो होतो? तिचा सूर आपल्याला हवा होता, पण ती नको होती. लाजेनं त्याला मान वर करवेना.

“ऐकायचं तर अंगणात चला, रावसाहेब,” तो कसाबसा म्हणाला आणि निघाला. पाठोपाठ तिप्पण्णा उठला. बाकीच्या खुर्च्या हलल्या नाहीत. वाचकहो, त्या खुर्च्यांवर बसलेली माणसं दुष्ट नव्हती. तुमच्याआमच्यासारखीच शिकलेली, गाण्याची आवड असलेली होती.

अंगणात मथुरा उन्हात बसली होती. आबा पोरींच्या ओळीत, फुलाच्या पलीकडं, मातीत बसला. तिनं त्याला पाहिलं. गाणं संपलं होतं. तिनं पुन्हा तळहात उचलला नि ‘सा’ लावला. पोरी गाऊ लागल्या, तिप्पण्णाही गाऊ लागला. आबानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

मथुरेनं हात खाली घेतला नाही. उशिरा येणाऱ्या पोरीसाठी धरावा तसा तो तिनं धरून ठेवला.