नऊ सेकंदांची वाट

अडीच वर्षांची अलीझा घरात एकाच माणसाशी बोलत असे, आणि त्या माणसाला स्वतःला धड बोलता येत नव्हते.

तो माणूस म्हणजे तिचे आजोबा, अय्युब. दोन वर्षांपूर्वीच्या अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि निम्मे शब्द नेले होते. अलीझाचे कान तपासणीत निर्दोष ठरले होते, सांगितलेले सगळे तिला समजे. तरी आईसमोर ती बोट दाखवी, ओढणी ओढी, रडे. शब्द नाही.

वाचा-उपचारतज्ज्ञ चारुता अमरावतीहून एसटीने अचलपुरात आली ती मंगळवारी. रविवारी अय्युबांना धाकट्या मुलाकडे, अकोल्याला, पोहोचवायचे ठरले होते.

"सारे म्हनून राहिले, म्याडम," अलीझाची आई, अय्युबांची सून नसीमबानो म्हणाली, "पोरगी अब्बांची अडखळती बोली उचलते, म्हनून आमच्याशी बोलत नाई. अब्बांले धाडाचं माह्या जिवावर येते. पन पोरीचं पाहू का नाई?"

"मोजलं कोणी?"

"त्यात मोजाचं काय?"

चारुताने आजोबा-नातीचे बोलणे ऐकले. अलीझाचे अकरा शब्द, अकराही अखंड. उचललेली बोली अडखळली असती. तेव्हा ते कारण बाद. उरला लळा. पण लळा आईचाही होता.

पुढच्या खोलीत बांगड्यांचे दुकान होते. शेजारची पार्बताबाई पायरी चढली तोच नसीमबानोने तिच्या मनगटाकडे एक नजर टाकून हिरव्या बांगड्या पुढे केल्या.

"बाई, तोंड तं उघडू दे! मले लाल पायजे असन तं?"

"लेकीचं डोहाळजेवन हाये ना परवा? हिरव्याच पायजेत तुमाले."

"आता इले हेबी ठावं!" पार्बताबाईने हात पुढे केला.

ती गेल्यावर नसीमबानो अभिमानाने म्हणाली, "मनियाराच्या घरात गिऱ्हाइकाले मागू देनं म्हंजे लाज. सासूनं पयल्याच दिवशी शिकवलं." बोलता बोलता तिच्या हाताने अलीझाच्या मुठीत बिस्कीट ठेवले. अलीझाने फळीकडे फक्त मान वळवली होती.

चारुताने घड्याळ काढले. अर्ध्या तासात आईने सत्तेचाळीस प्रश्न विचारले: पानी होना? बिस्कुट होना? नींद आई? प्रत्येक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद, की वस्तू हातात. अय्युबांचे प्रश्न सहा. "क्या… होना?", म्हणजे काय हवे, एवढे विचारून ते थांबत, कारण पुढचा शब्द जिभेवर येत नसे आणि चटकन उठून काही देताही येत नसे. सरासरी नऊ सेकंद. अलीझा बोले ती त्या नऊ सेकंदांत.

तरी हा नुसता योगायोगही असू शकत होता. चारुताने अय्युबांना मागच्या खोलीत बसायला सांगितले आणि नसीमबानोला म्हणाली, "एकदाच विचारा. मग हात मांडीखाली, तोंड बंद, मनात दहा मोजा."

"दहा? तवरिक गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जाईन!"

"हे गिऱ्हाईक कुठे जात नाही."

"क्या होना?" नसीमबानोने विचारले. चारला अलीझाने बोट दाखवले. सहाला ओढणी ओढली. आईचा एक हात निम्मा बाहेर आला. चारुताने नुसते पाहिले. तो परत गेला. आठाला अलीझा म्हणाली, "बिस्कुट."

नसीमबानोचे डोळे भरले. "एकदाने काही सिद्ध होत नाही," चारुता म्हणाली आणि तिला आणखी दहा वेळा विचारायला लावले: पाच वेळा थांबून, पाच वेळा रोजच्यासारखे, आलटून पालटून. थांबल्यावर चार वेळा शब्द आला. रोजच्या रीतीने एकदाही नाही.

नसीमबानो मागच्या खोलीत गेली. "अब्बा, अकोले नहीं जाना. गलती मेरी थी."

अय्युबांनी तोंड उघडले. शब्द येईना. ती तशीच उभी राहिली.

"जाना…" ते म्हणाले, "था ही नहीं."

परतीच्या एसटीत चारुताने नोंद केली: पाच-पाच वेळांचा प्रयोग लहान आहे, आईने महिनाभर रोज थांबून मोजावे. कारण मात्र स्पष्ट आहे. आईकडे मुलीला मागण्याआधीच वस्तू मिळत होती, म्हणून शब्दाची गरज पडत नव्हती, आणि पडली तरी तो जुळवायला वेळ उरत नव्हता. आजोबांच्या आजाराने तिला गरज आणि वेळ, दोन्ही मिळत होते.